पॅरिसमध्ये पाच जणांची जागा

चार माणसांचं कुटुंब पॅरिसच्या हॉटेलात कसंबसं मावतं. आई-बाबा आणि दोन मुलं एवढा हिशोब हॉटेलवाल्यांनीही मनात धरलेला असतो. एक मोठा पलंग, एक उघडणारा सोफा, संपलं. आमच्याकडे पाचवं माणूस होतं, सासूबाई. वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे कुरकुरणारे आणि पॅरिस बघायची हौस घरात सगळ्यांत जास्त त्यांनाच. बुकिंगच्या साइटवर 'प्रौढ ३, मुलं २' असं भरलं की शेकड्यांनी दिसणारी हॉटेलं मूठभर उरायची, आणि त्यांचे भाव बघून नवरा लॅपटॉप माझ्याकडे सरकवायचा. "तूच बघ बाई."

मीच बघितलं. २०२५ च्या ऑगस्टमधल्या सहलीची ही गोष्ट. 'पॅरिसमधली स्वस्त आणि मस्त हॉटेलं' छापाचं वाचायला भरपूर मिळालं, पण ते सगळं जोडप्यांसाठी लिहिलेलं. दुखऱ्या गुडघ्यांचं एक माणूस आणि दोन मुलं बरोबर असली की त्यातलं निम्मं कामाचं राहत नाही.

मध्यवस्तीतल्या साध्या हॉटेलात दोघांची खोली दहा-बारा चौरस मीटरची असते, म्हणजे साधारण एकशे दहा ते एकशे तीस चौरस फूट. एकाने बॅग उघडायची तर दुसऱ्याने पलंगावर पाय वर घेऊन बसायचं. फोटोत खोली ऐसपैस दिसते, कारण फोटो कोपऱ्यात उभं राहून रुंद लेन्सने काढलेला असतो. म्हणून मी फोटो बघणंच सोडलं आणि प्रत्येक ठिकाणी आधी चौरस मीटरचा आकडा शोधायला लागले. जिथे आकडा दिलेलाच नाही, ते हॉटेल बाद. यात थोडाफार अन्याय झाला असेल, पण वेळ फार वाचला.

मग दोन-चार छोट्या हॉटेलांना ईमेल टाकले. चौघांची खोली घेतो, धाकटा सात वर्षांचा आहे, आमच्यातच झोपेल, चालेल का? उत्तरं अतिशय नम्र आणि अगदी एकसारखी आली. खोलीची क्षमता अग्निसुरक्षेच्या नियमांनी ठरलेली आहे, चारच्या खोलीत पाच जण ठेवता येणार नाहीत. पाळण्यातलं बाळ असतं तर गोष्ट वेगळी. लूव्र संग्रहालयात अठरा वर्षांखालचं मूल फुकट, मुक्कामाच्या करातूनही ते सुटलेलं, पण पलंगाच्या हिशोबात सात वर्षांचं पोर पूर्ण माणूस! काही जण असं सुचवतात की चौघांचं बुकिंग करायचं आणि पाचव्याला गुपचूप आत न्यायचं. रात्री अकराला, सामानासकट, सासूबाईंसमोर रिसेप्शनवर हुज्जत घालायची तयारी असेल त्यांनी तसं करावं.

दोन खोल्या घेणं हा सरळ मार्ग. त्यात दोन अडचणी. पैसे दुप्पट होतात, ही उघडच आहे. दुसरी बुकिंग करताना दिसत नाही. दोन्ही खोल्या एका मजल्यावर, शेजारी-शेजारी मिळतीलच याची हमी कुणी देत नाही. 'विनंती नोंदवली आहे' एवढंच म्हणतात. मधलं दार असलेल्या जोडखोल्या मोठ्या साखळी हॉटेलांत असतात, पण त्या साइटवरून न घेता हॉटेलला फोन करून, लेखी कबूल करून घ्याव्या लागतात. आम्हाला पटेल अशा भागात दोन खोल्यांचा भाव रात्रीला तीनशे युरोंच्या पुढेच जात होता. आमची मर्यादा दोनशेची.

शिवाय त्यावर कर. फ्रान्समध्ये मुक्कामाचा कर प्रौढ माणसामागे, दर रात्रीचा असतो आणि साइटवर दिसणाऱ्या भावात तो पुष्कळदा धरलेला नसतो, तिथे गेल्यावर काउंटरवर भरायचा असतो. पॅरिसमध्ये तीन तारांकित हॉटेलला हा कर २०२३ पर्यंत माणशी १.८८ युरो होता. १ जानेवारी २०२४ पासून त्यावर सार्वजनिक वाहतुकीसाठीचा मोठा अधिभार बसला आणि तो एकदम ५.२० वर गेला. आम्ही शोधत होतो तेव्हा ५.५३ होता. तीन प्रौढ म्हणजे रात्रीचे साडेसोळा युरो. तारे वाढले की करही वाढतो. त्यामुळे 'चार तारांकित आज स्वस्तात मिळतंय' असं दिसलं तर आधी कर मिळवून बघावा.

इथपर्यंत आलो आणि व्हिसाची घाई सुरू झाली. फ्रान्सला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या अर्जाला मुक्कामाच्या सगळ्या रात्रींचा राहण्याचा पुरावा जोडावा लागतो. म्हणजे मनासारखी जागा सापडेपर्यंत अर्ज थांबवायचा, की मिळेल ती जागा धरून अर्ज करायचा? अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशीर केला की भेटीच्या तारखा मिळत नाहीत. फी प्रौढांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांना ४५, सहाच्या खाली काही नाही. आमच्या तेरा वर्षांच्या लेकीची फी मोठ्यांइतकीच झाली. एवढे पैसे भरून कागद अपुरा पडायला नको, म्हणून एका बऱ्या हॉटेलात दोन खोल्या, विनाशुल्क रद्द करता येतील अशा दरात, धरून ठेवल्या. हा दर थोडा चढा असतो, पण पुढच्या सगळ्या शोधाला त्याने जीव दिला. हातात काहीतरी आहे म्हटल्यावर माणूस शांतपणे शोधतो. हॉटेलला लिहून बुकिंगच्या पत्रावर पाचही नावं पासपोर्टप्रमाणे घालून घेतली, कारण साइटवरून येणाऱ्या पत्रात एकाच माणसाचं नाव असतं आणि बाकीच्या चार अर्जांना ते जोडून उपयोग नाही. व्हिसासाठी खोटी बुकिंग पत्रं करून देणारे एजंटही भेटले. त्यांच्या नादाला लागू नये. पुढे जागा बदलली तर नव्या बुकिंगचं पत्र बरोबर ठेवायचं, कारण तिथे उतरल्यावर सीमेवरचा अधिकारी राहण्याचं विचारू शकतो.

माझा एक भाचा तिथे शिकतो. घरातल्या प्रत्येकाने मला सुचवून झालं की त्याच्याकडेच का नाही राहत. नातेवाइकाकडे राहायचं तर यजमानाने आपल्या नगरपालिकेतून राहण्याची हमी देणारा दाखला काढायचा असतो, त्याला तीस युरोंचा स्टॅम्प लागतो आणि घरात पाहुण्यांना पुरेशी जागा आहे हेही बघितलं जातं. भाच्याला फोन केला तर तो हसायलाच लागला. "मावशी, माझी खोली नऊ चौरस मीटर आहे. भाड्याने द्यायची कायदेशीर किमान जागा. तुम्ही आलात तर मला जिन्यात झोपावं लागेल." पण पोरगा गुणाचा. म्हणाला, "तू जागा शोध, मी जाऊन बघून येतो."

मग घरं बघायला घेतली. पाच जणांना हॉटेलपेक्षा घर परवडतं हे कुणीही सांगेल, आणि ते खरंही आहे, पण पॅरिसमध्ये त्याला नियम आहेत आणि ते पाहुण्यालाही माहीत हवेत. थोड्या दिवसांसाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या घराला तिथल्या महापालिकेचा तेरा अंकी-अक्षरी नोंदणी क्रमांक लागतो आणि तो जाहिरातीत छापावा लागतो. स्वतःचं राहतं घर मालकाला वर्षातून ठरावीक रात्रीच असं देता येतं. पूर्वी ही मर्यादा १२० रात्रींची होती, १ जानेवारी २०२५ पासून पॅरिसने ती ९० वर आणली. दंड होतो तो मालकाला, आपल्याला नाही. पण जाहिरात मध्येच काढली गेली आणि आपलं बुकिंग ऐन हंगामात, निघायच्या आठवड्यात रद्द झालं, तर पाच माणसांना घेऊन जायचं कुठे? म्हणून क्रमांक नसलेलं घर कितीही देखणं असलं तरी मी पुढे सरकवलं. एका मालकाला क्रमांक विचारला तर त्याने उत्तरात बँक खात्याचा तपशील पाठवला. साइटच्या बाहेर थेट पैसे भरा, सूट देतो. तो संवाद तिथेच संपवला.

एक घर मात्र खरोखर आवडलं होतं. अकराव्या विभागात, दोन झोपायच्या खोल्या, नोंदणी क्रमांक, भाव आमच्या मर्यादेच्या किंचित वर. जाहिरातीत 'पाचवा मजला' लिहिलं होतं, लिफ्टबद्दल हो किंवा नाही काहीच नव्हतं. मालकाने भाच्याला जिन्यापर्यंत यायची परवानगी दिली. भाच्याने मला व्हिडिओ कॉल लावून फोन छातीशी धरला आणि चढायला सुरुवात केली. लाकडी गोल जिना, आतल्या बाजूला पायऱ्या निमुळत्या होत गेलेल्या, पाऊल जेमतेम अर्धं मावेल एवढ्या. वापरून वापरून पायऱ्यांच्या मध्यभागी खळगे पडलेले. कठडा एकाच बाजूला. दुसऱ्या मजल्यावर दिवा आपोआप विझला आणि बटण सापडेपर्यंत नुसतं त्याच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता. तो तेवीस वर्षांचा, रोज पळणारा. चौथ्या मजल्यावर थांबून म्हणाला, "मावशी, आजींना नाही जमायचं गं. आणि तुमच्या त्या दोन मोठ्या बॅगा या वळणांवर फिरणारच नाहीत." सासूबाई माझ्या मागे उभ्या राहून बघत होत्या. "मी चढेन हळूहळू," म्हणाल्या. एकदा चढतीलही. पण दिवसातून दोनदा, तेही दिवसभर चालून आल्यावर?

त्या जिन्याने शोधाची दिशाच बदलली. मी तोपर्यंत आयफेल मनोरा किती लांब, लूव्र किती लांब, अशी अंतरं मोजत होते. आता पायऱ्या मोजायला लागले. आणि इमारतीपेक्षा मोठा प्रश्न मेट्रोचा निघाला. पॅरिसची मेट्रो १९०० साली सुरू झाली. तिच्या बहुतेक स्थानकांत लिफ्ट नाही, सरकता जिना असलाच तर अर्ध्या वाटेपर्यंत, आणि गाडी बदलायची म्हणजे लांबच लांब बोगदे आणि मध्ये चार पायऱ्या वर, सहा खाली. ऑपेराशेजारचं उत्तम हॉटेल घेतलं तरी रोज हेच. याला अपवाद चौदा नंबरची लाइन. १९९८ मध्ये सुरू झालेली, विनाचालक, आणि तिच्या प्रत्येक स्थानकात लिफ्ट आहे. म्हणून नकाशावर चौदा नंबर ठळक रंगवला आणि ठरवलं की जागा याच रेघेवर, स्थानकापासून सपाट रस्त्याने दहा मिनिटांच्या आत.

सॅं-लाझार, मादलेन, पिरामिड ही मधली स्थानकं भावामुळे लगेच गळली. बेर्सी, कूर सॅंतेमिलियों, बिब्लियोतेक, ओलॅंपियाद हा आग्नेयेकडचा पट्टा जरा बरा. पण जून २०२४ मध्ये, ऑलिंपिकच्या तोंडावर, ही लाइन दोन्ही टोकांना वाढली. उत्तरेला सॅं-दनी, दक्षिणेला थेट ओर्ली विमानतळ. म्हणजे शहराभोवतीच्या पेरिफेरिक रस्त्याच्या पलीकडे. पस्तीस किलोमीटरचा हा वर्तुळाकार रस्ता १९७३ मध्ये पूर्ण झाला आणि तेव्हापासून पॅरिस म्हणजे त्याच्या आतलं, असं तिथल्या लोकांच्या आणि पाहुण्यांच्याही डोक्यात बसलंय. त्या रस्त्याच्या दोन बाजूंना, चालत जायच्या अंतरावर, खोल्यांच्या भावात पन्नास-साठ युरोंचा फरक मला सहज दिसला. पूर्वी बाहेर राहिलं की काही गाड्यांना लांबचं तिकीट महाग पडायचं. १ जानेवारी २०२५ पासून तेही गेलं. विमानतळं सोडली तर पॅरिस आणि भोवतालच्या सगळ्या प्रदेशात मेट्रोचं आणि आरईआर या उपनगरी गाड्यांचं एकच तिकीट, त्या वर्षी अडीच युरोंचं. त्यामुळे शहराबाहेर राहण्याचा जुना तोटा जवळजवळ संपला, आणि भाव मात्र अजून जुन्या समजुतीप्रमाणेच कमी आहेत. किती दिवस राहतील कोण जाणे.

मध्ये दोन वेगळ्या वाटाही तपासल्या. अठराव्या विभागात हाल पाजोल या जुन्या रेल्वेच्या शेडमध्ये 'इव्ह रोबेर' नावाचं युथ हॉस्टेल आहे. हॉस्टेल म्हटलं की नवऱ्याच्या डोळ्यांसमोर गिटार घेतलेली पोरं आली, पण अशा ठिकाणी खासगी खोलीही मिळते आणि तिथे क्षमता खाटांवर ठरते, त्यामुळे पाचवं माणूस कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. दोन मोठी मुलं असलेल्या घराला मी हेच सुचवेन. आम्ही दुमजली खाटांना भ्यालो. बुआ द बूलोन्यच्या जंगलाकडेला, सेन नदीकाठी शहराचं कॅम्पिंग आहे, तिथे पाच-सहा जणांची फिरती घरं भाड्याने मिळतात, स्वयंपाकघरासकट. मुलं यावर हरखली होती. पण तिथून बसने मेट्रोपर्यंत यायचं आणि मग पुन्हा पायऱ्या! चौदा नंबरची अट त्यात बसेना.

शेवटी जे मिळालं ते ल क्रेमलॅं-बिसेत्र या लगतच्या गावात, चौदा नंबरच्या ओपिताल बिसेत्र स्थानकापासून सपाट रस्त्याने आठ मिनिटांवर. नावाप्रमाणेच शेजारी मोठं रुग्णालय. जागा अपार्ट-हॉटेल प्रकारातली. हॉटेलसारखं रिसेप्शन, लिफ्ट, आणि खोलीऐवजी छोटंसं घर. या प्रकारात आदाजियो, सितादीन अशा साखळ्या आहेत, स्वतंत्र जागाही आहेत. आमची स्वतंत्र होती. झोपायची एक खोली, बाहेरच्या खोलीत उघडणारा सोफा, भिंतीच्या कोनाड्यात वर-खाली दोन खाटा. नोंदलेली क्षमता सहा! तो आकडा वाचून मी शब्दशः टाळी वाजवली. भाव करासकट रात्रीला एकशे नव्वदच्या आसपास. अशा जागांत मुक्काम जितका लांब तितका रात्रीचा दर उतरतो, त्यामुळे 'तीन रात्री इथे, तीन तिथे' असं फोडण्यापेक्षा सलग राहणं फायद्याचं. शिवाय या जागांचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे कामासाठी येणारी माणसं. ऑगस्टमध्ये ती नसतात, म्हणून भाव उतरलेला. हाच शोध सप्टेंबरअखेरच्या फॅशन वीकमध्ये किंवा मे-जूनमध्ये टेनिसच्या दिवसांत केला असता तर आकडे निराळे दिसले असते. मुलांच्या सुट्ट्या आपल्या हातात नसतात म्हणा.

पैसे भरण्याआधी त्यांना ईमेलने चार गोष्टी विचारल्या. लिफ्ट रस्त्याच्या पातळीपासून आहे की आधी पायऱ्या आहेत? एसी आहे का? शेगडी कोणती? न्हाणीघरात टब आहे की नुसता शॉवर? एसीचा प्रश्न चैनीचा नाही. जुलै २०१९ मध्ये पॅरिसचा पारा ४२.६ अंशांवर गेला होता आणि जुन्या इमारतींत पंखासुद्धा नसतो. टबचं विचारलं ते गुडघ्यांसाठी, कारण टबची कड ओलांडून आंघोळीला जाणं ही सासूबाईंच्या दृष्टीने रोजची परीक्षा झाली असती. शेगडी इंडक्शनची आहे असं कळलं, म्हणून ॲल्युमिनियमचं काही न घेता स्टीलचं एक जाड बुडाचं पातेलं बॅगेत टाकलं. सगळी उत्तरं लेखी आली, मगच आधीच्या दोन खोल्या रद्द केल्या.

तारखाही जागेच्या हिशोबाने बसवल्या. तिथला आठवड्याचा प्रवासपास, नाविगो, सोमवारी सुरू होऊन रविवारी संपतो. तुम्ही बुधवारी घेतला तरी रविवारीच संपणार. २०२५ मध्ये तो ३१.६० युरोंना होता, कार्ड आणि छोटा फोटो वेगळा. यात विमानतळाची गाडीही चालते, जिचं नुसतं एका वेळचं तिकीट तेव्हा १३ युरो होतं. सोमवारी उतरून रविवारी परत निघालं की जाण्यायेण्याचे सव्वीस तर तिथेच वसूल. म्हणून विमान शनिवारचं न घेता सोमवारचं घेतलं. धाकट्याला पास काढला नाही, दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धं तिकीट पडतं. टॅक्सीचा विचार केला होता, पण शार्ल द गोल विमानतळावरून टॅक्सीचा जो ठरलेला दर आहे, २०२५ मध्ये सेनच्या उजव्या तीरावर ५६ आणि डाव्या तीरावर ६५ युरो, तो फक्त पॅरिस शहराच्या हद्दीत लागू. हद्दीबाहेर मीटर पडतो. शहराबाहेर राहण्याचा एवढा एक तोटा मात्र मान्य करावा लागेल.

प्रत्यक्ष राहणं कसं होतं? सोफा उघडायला दोन माणसं लागायची. आधी पाठीची गादी उचलायची, मग खालचा लोखंडी दांडा स्वतःकडे ओढायचा, आणि तो मध्ये अडकला की डाव्या कोपऱ्यात गुडघ्याने टेकू द्यायचा. ही विद्या तिसऱ्या रात्री लेकीने शोधून काढली, त्यानंतर ते काम तिचंच. वरच्या खाटेवर सहा वर्षांखालच्या मुलांना झोपवू नये अशी सूचना चिकटवलेली होती. धाकटा सात वर्षांचा असल्याचा त्याला इतका अभिमान कधीच वाटला नसेल. झोपायची खोली सासूबाईंना आणि मला, सोफ्यावर नवरा, खाटांवर मुलं. घराची उतरंड एकदम पालटली.

स्वयंपाकघर म्हणजे दोन शेगड्या, मायक्रोवेव्ह, छोटा फ्रिज. रोज रांधायचं नव्हतंच. पण सकाळचा चहा-नाश्ता आणि रात्रीचा भात एवढं घरी झालं तरी पाच माणसांच्या हॉटेलच्या जेवणाचा एक पूर्ण खर्च वाचतो, आणि थकलेल्या मुलाला साडेआठ वाजता उपाहारगृहात बसवून ठेवावं लागत नाही. ओलॅंपियाद स्थानकाच्या आसपासच्या आशियाई वस्तीत तांदूळ, आलं, मिरच्या, कोथिंबीर सगळं मिळालं, तेही आमच्याच लाइनवर. घराजवळची बेकरी मात्र ऑगस्टच्या सुट्टीसाठी बंद, दारावर चिठ्ठी. पुढच्या चौकातली उघडी होती.

लिफ्टचं म्हणाल तर चौदा नंबरवर आम्ही खरोखर राजासारखे फिरलो. शातलेला उतरून चालत नोत्र-दाम, पिरामिडला उतरून चालत लूव्र. बाकी ठिकाणी बस. बसला पायऱ्या नाहीत, बसायला जागा मिळते आणि शहरही दिसतं. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं, "मला त्या बोगद्यात नाही जायचं, बसने कितीही वेळ लागू दे." आयफेलला बसनेच गेलो. येताना वाहतुकीत अडकलो तेव्हा त्या खिडकीतून मस्त बघत बसल्या होत्या आणि आम्ही बाकीचे घड्याळ बघत होतो.

तक्रार करायची तर परिसर काही पोस्टकार्डवरचा नव्हता. समोर रुग्णालयाची भिंत, खाली औषधाचं दुकान, कपडे धुवायचं लॉन्ड्रोमॅट. संध्याकाळी फिरायला जावं असं विशेष काही नाही. ज्यांना खिडकी उघडली की छपरं आणि धुराडी दिसायला हवीत त्यांनी तिथे राहू नये, त्यासाठी जास्त पैसे मोजावेत आणि जिना चढावा. रुग्णवाहिकेचे भोंगे रात्री एक-दोनदा वाजायचे. पण शेजारी रुग्णालय असण्याचं मला मनातून बरंच वाटत होतं.

निघताना लागणारी कामं अपार्ट-हॉटेलमध्ये हॉटेलपेक्षा जास्त असतात, ती आधी माहीत असावीत. भांडी धुऊन जागेवर, कचरा खालच्या डब्यांत वेगवेगळा, फ्रिज रिकामा. नाहीतर स्वयंपाकघराच्या सफाईचे पैसे वेगळे लावतात. मधल्या दिवसांत कुणी झाडायला येत नाही, टॉवेल बदलून हवे तर सांगावं लागतं आणि त्याचेही पैसे. आल्या दिवशी त्यांनी कार्डावर दोनशे युरो अनामत म्हणून अडकवून ठेवले होते. ते बँकेने मोकळे करायला आठवडाभर घेतला, तेव्हा कार्डाच्या मर्यादेत तेवढी सवड ठेवून जावं. रविवारी सकाळी रिसेप्शनवरच्या बाईने यादी घेऊन चमचे मोजले. एक जास्त निघाला. तो आमचाच होता.